झांज ऐकू आली पाहिजे

या, अशा पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकून बसलं की डोळा लागतो, हा कीर्तनातला माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. चपला ओळखीच्या जागी काढल्यात ना? मोबाइल गप्प केलात ना? मोबाइलचं मुद्दाम विचारतोय. का, ते पुढं कळेल. आज कुठल्या राजाची गोष्ट सांगणार नाही. साताऱ्याचे आप्पासो नलवडे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले साधे गृहस्थ. त्यांनी पाच दिवसांत कानाला लावायचं एक यंत्र कसं विकत घेतलं, आणि त्यापायी त्यांच्या जिवाचं काय झालं, एवढंच सांगतो. हसू आलं तर हसा, आप्पासोंची परवानगी आहे. त्यांना स्वतःला मात्र त्या पाच दिवसांत एकदाही हसू आलं नव्हतं.

आप्पासोंची थोरली बहीण, बनुआक्का, कवठे महांकाळला राहते. वय शहात्तर. शनिवारी सकाळी टाकी भरली का ते बघायला गेली, ओल्या फरशीवर पाय सटकला आणि डावा खुबा मोडला. तिची लेक मयूरी तासगावात दिलेली. ती धावत आली आणि आक्काला सांगलीच्या दवाखान्यात घेऊन गेली. साखर आटोक्यात आली की शुक्रवारी ऑपरेशन, असं ठरलं. इथवर सगळं सरळ होतं. रविवारी दुपारी मयूरीचा फोन आला.

"मामा, आई सही देत न्हाई."

"का? घाबरली?"

"चाकूला न्हाई घाबरत. हातोडीला घाबरती."

झालं होतं असं, की आक्काची छाती जरा नाजूक, म्हणून डॉक्टर पूर्ण भूल देणार नव्हते. कमरेखालचा भाग तेवढा बधिर करणार. दुखणार काही नाही, पण माणूस जागा. डॉक्टर प्रामाणिक होते. त्यांनी आधीच सांगून टाकलं की आजी, नवा खुबा बसवताना थोडं ठोकावं लागतं, आवाज येईल, भिऊ नका. आता भिऊ नका म्हटल्यावर कोण भीत नाही?

"माझंच हाड," आक्का म्हणाली, "अन् त्येच्यावर ठोकत्यात ते मी ऐकत पडू व्हय? भिंतीत खुंटी मारल्यागत? ऱ्हाऊ द्या मोडलेलं!"

वॉर्डातल्या प्रियदर्शनी सिस्टर समजूतदार. त्यांनी तोड काढली. "आजी, कानात गाणी लावून ऑपरेशन करून घेणारे खूप जण असतात. डॉक्टर परवानगी देतात. फक्त वायरचं नको, आत आमच्याच वायरी ढीगभर. बिनवायरचं आणा."

आक्कानं तासभर विचार केला आणि आपली अट सांगितली. गाणी नकोत. देवळातलं ते जुनं कीर्तन लावायचं. "अन् मागची झांज ऐकू आली पायजे. झांज आली तर सही. न्हाईतर मला घरी न्या."

ही झांज म्हणजे काय, ते सांगायला हवं. आक्काचे मालक हरिबा. शिवणकाम करायचे. पण गावाला ते ठाऊक होते ते शिलाईमुळं नव्हे. तीस वर्षं देवळात बुवांच्या मागं झांज घेऊन ते उभे राहिले. पुढं येऊन कधी दोन शब्द बोलले नाहीत, कधी हार घालून घेतला नाही. बुवा पाणी प्यायला थांबत, कधी ओळ विसरत, एकदा तर भर आख्यानात उचकी लागली. हरिबांची झांज थांबली नाही. बुवांचं बोट धरून त्यांना परत वाटेवर आणावं तशी ती झांज वाजत राहायची. नऊ वर्षांपूर्वी हरिबा गेले. मागं राहिली एक कॅसेट, मयूरीनं मोबाइलवर उतरवून घेतलेली. तिच्यात बुवा आहेत, पेटी आहे, तबला आहे, रडणारं एक मूल आहे, बाहेरून जाणाऱ्या एसटीचा हॉर्न आहे. हरिबांचा शब्द एकही नाही. पार मागं, बारीक, झांज तेवढी आहे.

"मी आणतो. ते कीर्तन माझ्या मोबाइलवर पाठव," आप्पासो फोनवर म्हणाले.

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी पद्माताई हात पुसत बाहेर आल्या. "तुम्ही आणतो म्हणालात? सांगलीत दुकानं नाहीत का?"

त्यांचा आक्षेप रास्त होता. आप्पासोंनी घरचा मिक्सर घेतला तेव्हा दोन महिने लागले होते आणि पद्माताईंनी तोवर शेजारच्या मिक्सरमधून चटण्या वाटून आणल्या होत्या. पण शब्द तर तोंडातून गेला. फोन ठेवला आणि आप्पासोंनी मनात हिशेब मांडला. घेतलेलं यंत्र चुकलं तर झांज यायची नाही. झांज आली नाही तर आक्का सही करायची नाही. सही झाली नाही तर आक्का जन्मभर खाटेवर. म्हणजे एका बहिणीचं चालणं-फिरणं आता त्यांच्या खरेदीवर येऊन ठेपलं होतं. आणि शुक्रवार पाच दिवसांवर.

घाबरलेला माणूस जे करतो तेच आप्पासोंनी केलं. ते वरच्या मजल्यावर विष्णुपंतांकडं गेले.

विष्णुपंत गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा बदलला आणि उभ्या-आडव्या रेघा मारायला घेतल्या. "भावनेच्या भरात खरेदी करायची नसते, आप्पासो. गुण द्यायचे. आवाजाला चाळीस, सोयींना पस्तीस, किमतीला पंचवीस."

"पण झांज..."

"झांज आवाजात येते. तिला वेगळे गुण दिले तर इतर वाद्यांवर अन्याय होईल."

सोमवारची सगळी सकाळ दोघांनी लोकांचे अभिप्राय वाचण्यात घालवली. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'खोका फार सुरेख, अजून उघडला नाही,' आणि पाच तारे दिले होते. दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'तिसऱ्या दिवशी डावा कान गेला.' हे वाचून आप्पासोंनी हळूच स्वतःचा डावा कान चाचपला. आक्काला तर डावीकडून जरा जास्तच स्पष्ट ऐकू येतं!

सोयींच्या रकान्यात विष्णुपंतांनी पाण्यात भिजणे, घामात भिजणे, एकदा चार्ज करून किती तास चालणे, अशा सतरा गोष्टी घातल्या. अठरावी होती 'आलेला फोन आपोआप उचलणे'.

"ही कशाला?" आप्पासो म्हणाले. "आक्काला कुणाचा फोन येणार?"

"समजा आला. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताला रक्तदाबाचा पट्टा. उचलणार कसा?"

त्या सोयीला पाच गुण मिळाले. श्रोतेहो, ते पाच गुण ध्यानात ठेवा.

जिना उतरताना तिसऱ्या मजल्यावरचा देवदत्त भेटला. जिममध्ये शिकवतो, दंड असे, की शर्टाला घाम फुटावा. "काका, बाकी काही बघू नका. बेस बघा," म्हणाला आणि स्वतःच्या डोक्यावरचं धूड काढून त्यानं आप्पासोंच्या डोक्यावर चढवलं. कीर्तन सुरू झालं. तबल्याची पहिली थाप आप्पासोंना कानात ऐकू आली नाही, पोटात ऐकू आली. बुवा विहिरीतून बोलत होते. झांज कुठं गेली होती, देवाला ठाऊक.

"कसं वाटतंय?" देवदत्तनं विचारलं.

"भूक मेली," आप्पासो म्हणाले.

मंगळवारी सकाळी ते पोवई नाक्याजवळच्या कपिलच्या दुकानात गेले. कपिल गुणी माणूस. गिऱ्हाइकाला बसायला स्टूल देतो, पाणी देतो. त्यानं तीन नमुने काढून ठेवले, पहिला आप्पासोंच्या डोक्यावर बसवला आणि म्हणाला, "काका, अर्धा मिनिट ऐका, लगेच कळतं."

"अर्ध्या मिनिटात बुवा नुसतं उपरणं सावरतात."

"मग मधला तुकडा लावतो."

आप्पासोंनी कानावरचं यंत्र काढलं आणि त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं देवळात चपला घालून यायला सांगितलं असावं. "कीर्तनात मधूनच शिरायचं आणि मधूनच उठायचं? आमच्यात तसं करत नाहीत."

खरंच करत नाहीत. आरती झाल्याशिवाय कीर्तनातून उठायचं नाही, हा त्या भावंडांना आईकडून आलेला नियम. त्या माउलीनं गोठ्यात म्हैस व्यायला लागली असताना, गडी दोनदा बोलवायला येऊन गेला असताना, आरती घेऊन, प्रसाद पदरात बांधून मग पाय उचलला होता. पारडू तोवर उभंही राहिलं होतं. असल्या घरातला माणूस कपिलच्या स्टुलावरून अर्ध्या मिनिटात उठेल कसा?

कीर्तन एक तास पन्नास मिनिटांचं. आप्पासो डोळे मिटून बसले. पूर्वरंग झाला. नामाचा गजर आला तेव्हा त्यांनी सवयीनं दोन्ही हात वर करून टाळी वाजवली आणि "विठ्ठल विठ्ठल!" असं इतक्या मोठ्यानं म्हणाले, की मोबाइलची काच बदलायला आलेल्या बाई दोन पावलं मागं सरल्या.

"ह्यांना बरं न्हाई का?" त्यांनी कपिलला हळूच विचारलं.

"बरं आहे. हेडफोन घ्यायला आलेत."

"मग घेत का न्हाईत?"

"आरती व्हायची आहे," कपिल म्हणाला.

पहिल्यातली झांज स्टीलच्या डब्यात चमचा हलवल्यासारखी वाजली. दुसरा नमुना तबल्याचा फार लाडका निघाला. झांज त्याच्या ओझ्याखाली दबून गेली. हे कळेपर्यंत दुकानाची शटर ओढायची वेळ झाली होती. मंगळवार संपला.

बुधवारी तिसरा नमुना. हा महाग. आप्पासोंनी किंमत दोनदा विचारली, कारण पहिल्यांदा त्यांना ती टीव्हीची वाटली. बाहेरचा गोंगाट गाळून टाकायची शक्ती त्याच्या अंगात होती. हातोडीचं ऐकू येणार नाही म्हणून आप्पासोंना आधी फार बरं वाटलं. मग मनात शंका आली.

"कपिल, गोंगाट कुठला आणि झांज कुठली, हे त्याला कोण सांगतं?"

"काका, ते बाहेरचा आवाज गाळतं. आतला नाही."

"नक्की? आतली झांज बाहेरची समजून गाळून टाकली तर? आत थिएटरात कुणाला सांगायचं?"

"नाही गाळत."

"लिहून द्याल?"

कपिलनं लिहून दिलं नाही. तो चहा सांगायला बाहेर गेला आणि जरा उशिरानंच परत आला.

तरीही तो नमुना घ्यायचाच, असं ठरवून आप्पासो घरी आले. विष्णुपंतांच्या तक्त्यात त्याला त्र्याऐंशी गुण पडत होते. पद्माताई भाजी निवडत होत्या. त्यांनी तक्ता पाहिला, ते परातीएवढे कान असलेलं यंत्राचं चित्र पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"आक्कांना निजवणार कुठल्या कुशीवर?"

आप्पासोंनी तक्ता वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. अठरा सोयींत कूस नव्हती.

मयूरीला फोन लावला. तिनं प्रियदर्शनी सिस्टरांना विचारलं. डावा खुबा, म्हणजे उजवी कूस. उजवा कान उशीत. हे परातीएवढं धूड त्या कानावर राहणार तरी कसं?

"तुम्ही आक्कांच्या कानापेक्षा त्या कागदाला जास्त जपताय," पद्माताई म्हणाल्या आणि भाजीकडं वळल्या. आप्पासोंना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

गुरुवारी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. कपिलनं सगळं ऐकलं आणि आतून एक गळ्यात अडकवायचा पट्टा आणला. दोन टोकांना दोन बोंडं. किंमत सोसेल अशी. "उजवं बोंड मोकळं सोडा, डावं कानात घाला. झालं."

आता आप्पासोंच्या डोक्यात नवाच किडा. हल्ली म्हणे एका कानात एक वाद्य आणि दुसऱ्या कानात दुसरं येतं. झांज उजवीकडं असली तर? म्हणून त्यांनी उजवं बोंड काढलं आणि नुसत्या डाव्या कानानं कीर्तन ऐकायला सुरुवात केली. चौथ्या मिनिटाला त्यांचा चेहरा बदलला. बुवांच्या पाठीमागं, हात लांब केला तर खांद्याला लागेल एवढ्या अंतरावर, झांज वाजत होती. डब्यातला चमचा नाही, ओझ्याखालचं कण्हणं नाही, पितळेवर पितळ. हरिबादाजींच्या मनगटातला तो किंचित ओढलेला ठोकासुद्धा. आप्पासोंनी डोळे मिटले ते आरतीलाच उघडले.

"आली," ते म्हणाले. "डाव्या कानात आहे झांज."

"उजव्यातही आहे काका. जुनी कॅसेट, दोन्ही कानांत एकच आवाज येतो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कीर्तनात होता," कपिल म्हणाला. "मधे बोलत नाहीत ना?"

पट्टा घेतला. मोबाइलची घंटी कपिलनं बंद करून दिली. आक्काला मध्येच त्रास नको. घरी आल्यावर विष्णुपंतांनी खोका तपासला, एकाहत्तर गुण दिले, आणि अठरावी सोय त्यात आहे पण बंद आहे हे पाहून ती स्वतःच्या हातानं चालू केली. "सोय असून बंद ठेवायची, म्हणजे दिलेले गुण फुकट," म्हणाले.

दुपारच्या कोल्हापूर गाडीनं नवरा-बायको निघाले. पेठ नाक्याला उतरायचं आणि सांगलीची गाडी धरायची. उंब्रजला गाडी थांबली, तेव्हा आप्पासोंना वाटलं की दुकानातली शांतता वेगळी आणि थिएटरातली वेगळी. गलबल्यात झांज टिकते का ते बघून घ्यावं. पद्माताई नको नको म्हणेपर्यंत बोंड कानात गेलं होतं.

पेठ नाका आला तेव्हा बुवा आख्यानात होते.

"अहो, उठा! उतरायचंय!"

आप्पासोंनी डोळे न उघडता हात वर केला. थांब. पद्माताईंनी दंडाला धरून हलवलं. कंडक्टरनं दोनदा बेल मारली. "आजोबा, उतरा की! झोपलाय का?"

"झोपले नाहीत, कीर्तनात आहेत," पद्माताई म्हणाल्या, आणि एवढं बोलून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आरती झाली किणीच्या टोलनाक्याला. तिथून मागं, उन्हात उभं राहून दुसरी गाडी, मग तिसरी. त्या दोन तासांत पद्माताई एकच वाक्य बोलल्या. "पारडू उभं राहिलं असेल."

सांगलीला पोचले तेव्हा दवाखान्याचं कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं होती. थिएटरात नेण्याच्या वस्तूंचा एक छापील अर्ज होता. दात, चष्मा, दागिने, श्रवणयंत्र. टेबलामागच्या कारकुनानं पट्टा उलटसुलट पाहिला. "हे कशात घालू?"

"कानात," आप्पासो म्हणाले.

"रकाना म्हणतोय मी. श्रवणयंत्र लिहितो. पेशंटला ऐकू कमी येतं याचा कानाच्या डॉक्टरांचा दाखला द्या."

"तिला ऐकू चांगलं येतं, म्हणून तर हे आणलंय!"

"मग श्रवणयंत्र कशाला?"

आप्पासो खुर्चीवर बसले. बत्तीस वर्षं सरकारी खात्यात काढलेली. समोरचा चूक नाही हे त्यांना कळत होतं, आणि त्यामुळंच त्यांचा धीर सुटला. प्रियदर्शनी सिस्टर तिकडून चालल्या होत्या. त्यांनी अर्ज घेतला, 'दागिने' या शब्दापुढं 'गळ्यातला पट्टा, एक' असं लिहिलं, सही ठोकली आणि म्हणाल्या, "चला, आजी वाट बघतायत."

आक्का खाटेवर अंग आक्रसून पडली होती. आप्पासोंना बघून म्हणाली, "आलास व्हय? वाळलास की रं." मग पट्ट्याकडं बोट दाखवलं. "लाव. पर सगळं नगं. सुरुवात तेवढी."

"आक्का, कीर्तनातून मधेच उठायचं?"

"आरं खुळ्या, बुवांनी नमन धरायच्या आधी ह्ये एक ठोका मारून झांज बघायचे. बुवा हुबं ऱ्हायाच्या आदी. तवा कुठं कीर्तन सुरू झालेलं असतंय? तेवढा ठोका ऐकला की कळतंय."

आप्पासोंनी बोंड तिच्या डाव्या कानात बसवलं. पहिले चार-पाच क्षण नुसती खरखर असते. मग आक्काचा चेहरा सैल झाला, आक्रसलेलं अंग सुटलं. तिनं यंत्र काढून हातात दिलं. "आण कागद," म्हणाली आणि सही केली.

पद्माताईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. पाच क्षणांत होणारं काम. त्या काही बोलल्या नाहीत. न बोललेलं आप्पासोंना सगळं ऐकू आलं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला आक्काला आत नेलं. आप्पासोंचा मोबाइल प्रियदर्शनी सिस्टरांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत घेतला. दार बंद झालं. वर लाल दिवा लागला. आप्पासो, पद्माताई आणि मयूरी बाकावर बसले. आप्पासो मनातल्या मनात कीर्तनाबरोबर चालले होते. आता नमन. आता पूर्वरंग. आता गजर असेल. गजराच्या सुमारास दारापलीकडून खरंच "विठ्ठल विठ्ठल" असं काहीसं ऐकू आलं आणि मयूरीनं डोळ्याला पदर लावला.

साडेदहाच्या पुढं पद्माताईंचा मोबाइल वाजला. विष्णुपंत होते.

"वहिनी, आप्पासो कुठं आहेत? झालं का विचारायला मघाशी त्यांना फोन केला, तर एका बाईंनी घेतला. मी म्हटलं, काय, उरकलं का? त्या म्हणाल्या, उत्तररंग चाललाय, ठेवा. मी तीन-चारदा हॅलो हॅलो केलं, पण मागं कुणीतरी सुतारकाम करत होतं. आवाज फार. शेवटी ठेवला. तुम्ही दवाखान्यातच आहात ना?"

फोनचा आवाज मोठा होता. आप्पासोंना शब्द न् शब्द ऐकू आला. अठरावी सोय! पाच गुण! फोन आपोआप उचलला गेला होता, म्हणजे कीर्तन थांबलं होतं. नेमकं ठोकताना. आक्काच्या कानात बुवा नव्हते, दाजी नव्हते. होते विष्णुपंत आणि हातोडी. जिच्यापासून तिला वाचवायला पाच दिवस जिवाचं रान केलं, ती हातोडी यांनीच तिला स्वच्छ ऐकवली होती.

ते दाराकडं धावले. दारावरच्या माणसानं अडवलं.

"फोन बंद करायचाय हो!"

"इथं फोन बंदच ठेवायचा असतो," तो माणूस म्हणाला.

आप्पासो परत येऊन बसले. आक्का भेदरून हलली असेल का? तिची छाती? लाल दिवा तसाच. पद्माताईंनी त्यांचा हात धरला. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. चारचौघांत धरलेला हा पहिलाच हात असावा.

अकरा वाजून गेल्यावर दार उघडलं. प्रियदर्शनी सिस्टर एकट्याच बाहेर आल्या. मागं खाट नाही. आप्पासो उभे राहिले.

"ऑपरेशन छान झालं," सिस्टर म्हणाल्या. "पण एक अडचण आहे. आजी बाहेर यायला तयार नाहीत."

"म्हणजे?"

"आरती व्हायची आहे म्हणतात. मधेच उठत नाहीत म्हणे. डॉक्टर हात धुऊन थांबलेत, पुढचा पेशंट दारात आहे. अजून किती वेळ आहे तेवढं सांगा."

आप्पासोंनी घड्याळ पाहिलं. आख्यान किती सरलं असेल, विष्णुपंतांच्या फोनचा किती वेळ धरायचा, असा हिशेब मनात घातला आणि म्हणाले, "अकरा मिनिटं. पण सिस्टर... ती घाबरली नाही ना? मधे?"

"घाबरल्या? आम्हांला टाळ्या वाजवायला लावल्या त्यांनी."

बरोबर अकराव्या मिनिटाला आक्का बाहेर आली. गळ्यात पट्टा. दुपारी वॉर्डात तिनं चार घोट चहा घेतला आणि भावाला जवळ बोलावलं.

"लय झ्याक ऐकू आलं, आप्पा. चांगली वस्तू हाय. मधी एकदाच कोण मेलं फोनवर बोललं, अन् बुवा गप झालं."

आप्पासोंनी मान खाली घातली. "आक्का, माझ्यामुळं..."

"आरं ऐक तर. बुवा गप झालं, पेटी गप झाली, तबला गप झाला. पर ह्यांची झांज थांबली न्हाई." आक्काचे डोळे छताकडं लागले होते. "टण टण, टण टण. नेहमीपरीस जरा जोरात वाजवत हुते, येवढंच. मी म्हटलं, वाजवा. मी ऐकतीया. तवर बुवा परत आलं."

आप्पासोंनी वर पाहिलं. ओठ उघडले. सत्य सांगायची त्यांना वाईट सवय आहे. पण पद्माताईंचा पाय त्यांच्या पायावर पडला, आणि तो काढला गेला नाही.

"दाजी थांबणारे नव्हतेच, आक्का," आप्पासो म्हणाले.

"व्हय तर," आक्का म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

तेव्हा मंडळी, आता उठा, गुडघे मोकळे करा. एवढं एकच मागणं आहे. पुढच्या वेळी कीर्तनाला जाल, बुवांच्या पाया पडाल, त्यांच्या गळ्यात हार घालाल, ते घालाच. पण मागं कडेला कुणीतरी झांज धरून उभा असेल. त्याच्याकडं एकदा नजर टाका, आणि आमच्या कवठे महांकाळच्या हरिबांची आठवण काढा.